परीक्षेची अक्षत

आमच्या दोघांच्या हातनं शेवटचं जे साधं काम झालं ते कुरड्यांचं. मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऊन चढायच्या आत चीक शिजवून ती पातेलं घेऊन माळवदावर आली, मी सोऱ्या घेऊन तिच्या मागं. जुनं लुगडं अंथरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले. सोऱ्या दाबायचं काम माझं, कारण तिच्या मनगटात जोर उरला नव्हता. कुरडई गोल पडली नाही की ती बोटानं तिचं शेपूट आत वळवायची आणि म्हणायची, "अवो, कुरडई पाडा, गांडूळ नको." तिच्या गुडघ्याजवळ पुस्तक उघडं पडलेलं. वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला होता.

"इचारा," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेला माणूस. चष्मा पुसला आणि अक्षराखाली बोट धरून वाचलं, "कुटुंबाची कार्ये सांगा."

ती घडाघडा सांगायला लागली. लेकरं जन्माला घालणं, त्यांना वळण लावणं, म्हाताऱ्यांना सांभाळणं, आजारपणात बघणं.

"त्यात कुरड्या न्हायत व्हय?" मी म्हणालो.

"हायत की. 'नवऱ्याला कामाला लावणं' हा मुद्दा हाय, त्याच्या खाली."

शेजारच्या माळवदावरनं शोभा हसली. शोभा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या घरातली सून, शिलाई मशीन चालवते. ती मधला कठडा ओलांडून आली आणि कुरड्या पसरायला बसली. माझ्या बायकोनं कनवटीला खोचलेली फडक्याची पुरचुंडी सोडली, चिमूटभर हळदकुंकवात घोळलेले तांदूळ काढले आणि शोभाच्या चिकानं भरलेल्या हातावर ठेवले. "मारुतीला कालच ठेवली. तू शेजारची. तुझ्यापासनं सुरू. बाकीच्यांना उद्या देती. बर्री गं, परीक्षेला बर्री." बर्री म्हणजे या. तिचं माहेर सीमेपलीकडलं, कानडी. आग्रहाचं बोलणं तिच्या तोंडून कानडीतच निघायचं.

मग ती पुरचुंडी देवळीत ठेवून खाली पडवीत आडवी झाली. कुरड्यांवर ऊन आलं तेव्हा तिला चहाला उठवायला गेलो. ती उठली नाही.

आता पुन्हा तोच उन्हाळा आलाय. सकाळी दार उघडलं की कुणाच्या तरी माळवदावरनं शिजलेल्या चिकाचा वास येतो. आंबूस, गरम वास. पूर्वी या वासानं भूक लागायची, आता राग येतो. त्या माळवदावर नवरा-बायको असतील, तो सोऱ्या दाबत असेल, ती त्याला नावं ठेवत असेल. ठेवू दे म्हणावं. एक दिवस नावं ठेवणारं कुणी नसतं. मला कुणाच्या शेताचा, बैलांचा, गाडीचा हेवा कधी वाटला नाही. दुसऱ्याचं सोयाबीन माझ्यापेक्षा जास्त आलं तर आलं. पण आता या वयात, मुरुमच्या बाजारात एखादी म्हातारी नवऱ्याला "एवढी महाग वांगी कशाला घेतली" म्हणून झापताना दिसली, तर मी तोंड फिरवतो. माणसाला शिव्या खायचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं.

तिच्या कुरड्या डब्यात आहेत. सोलापूरहून सून आली तेव्हा तळू म्हणाली. मी डबा तिच्या हातातनं काढून घेतला. चांगली पोरगी आहे, पण तिनं तळल्या असत्या, त्या फुलल्या असत्या, आणि सगळ्यांनी खाल्ल्या असत्या. मला ते चालणार नव्हतं.

तर परीक्षा. गावाकडं उन्हाळा म्हणजे लग्नसराई, लोणचं आणि टँकर. आमच्या घरी त्यात परीक्षाही आली. निला, म्हणजे माझी बायको, सातवीतनं शाळा सुटलेली. लग्न होऊन आली तेव्हा मराठी तोडकंमोडकं. विहिरीला "भावी" म्हणायची आणि आमची आई हसून लोटपोट व्हायची. मराठी तिला मी शिकवलं. मी म्हणजे, मी आणि गावच्या म्हशींनी, कारण पहिले काही महिने ती त्यांच्याशीच जास्त बोलायची. पुढं पोरं मोठी झाली, लेक दिली, पोरगा सोलापूरला गेला, आणि एक दिवस ही बाई मला म्हणाली, "मुक्त विद्यापीठात नाव घालती. दहावी लागत न्हाय म्हनं. आधी एक पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, मग बी.ए."

"कशाला?"

"बघायचंय काय असतंय ते."

घाल म्हणालो. मला वाटलं होतं, दोन रविवार जाईल आणि कंटाळेल. उमरग्याच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र होतं, दर रविवारी तास व्हायचे. ती सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळी यायची. माझी भाकरी फडक्याखाली झाकून ठेवलेली असायची. ती गार भाकरी खाताना मी त्या कॉलेजला काय काय बोललोय ते मलाच माहीत. रविवार आमचा होता. रविवारी मुरुमचा बाजार, येताना भजी, वाटेत लिंबाखाली बसून एका कागदातली भजी खायची. तो रविवार माझ्याकडनं कुणीतरी काढून घेतला आणि मला विचारलंसुद्धा नाही.

आणि घरात एक नवा माणूस आला. त्याचं नाव 'सर म्हणतात'. सर म्हणतात, प्रश्न आधी नीट वाचावा. सर म्हणतात, लिहिताना समास सोडावा. एकदा मी आमटीत मीठ जास्त झालं म्हणालो तर ती म्हणाली, "सर म्हणतात, चूक दाखवायच्या आधी चांगलं काय ते सांगावं."

"मग त्या सरालाच वाढ," मी म्हणालो.

ती फणकारली नाही. हसली आणि म्हणाली, "जळताय व्हय?"

जळत होतो. खोटं कशाला सांगू. आणि त्या सराचा मला पुढं पुढं रागही राहिला नाही, कारण तो पोरगेलासा, टक्कल पडलेला, डब्यात रोज बटाटा आणणारा बापडा निघाला. माझा खरा वैरी पुस्तक होतं. ती वाचायला बसली की चेहरा वेगळा व्हायचा. कपाळावर आठी, ओठ थोडे उघडे, एक पाय हलत असायचा. इतक्या वर्षांत तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. माझ्याकडं बघताना तिनं कधी तसा पाय हलवला नव्हता. माणूस बायकोच्या जुन्या ओळखीच्याचा हेवा करत असेल, मी समाजशास्त्राचा केला.

पण ती अभ्यास मोठ्यानं करायची, आणि ते मला आवडायचं. मला बोलवायची. मी प्रश्न विचारायचा आणि तिनं उत्तर द्यायचं. ती कठीण गोष्ट आधी कानडीत पुटपुटून बघायची, मग मराठीत सांगायची. मला कानडी बाजारापुरतं कळतं. त्या पुटपुटण्यात मी नव्हतो. मराठीत आली की पुन्हा मला भेटायची.

एकदा ती उमरग्याहून तोंड पाडून आली. चहासुद्धा घेतला नाही. विचारलं तर म्हणाली, "पहिल्या वर्षाला बाकं पुरत नव्हती. आता दुसऱ्या वर्षाला अर्धी रिकामी हायत. सर म्हणतात, विद्यापीठ दरसाल इचारतं, किती आली, किती टिकली, किती पास होऊन भायेर पडली. असंच चाललं तर केंद्र ठेवायचं का न्हाय, ह्याचा इचार करतील."

"मग करू देत."

"कुठं गेल्या असतील वो सगळ्या?"

कुठं जाणार? मला न विचारता माहीत होतं. कुणाच्या लेकीचं बाळंतपण आलं. कुणाची सासू पडली. कुणाला सोयाबीन काढणीत रविवार मिळाला नाही. एकीचा नवरा म्हणाला, तू शिकून मला काय कलेक्टर करणार हायेस का? आमच्या गावातल्याही काही बायका हिच्या मागं लागून नाव घालून बसल्या होत्या, त्यातल्या शोभानं पहिल्या वर्षालाच सोडलं. शमीमनं सोडायची तयारी केली होती. शमीम म्हणजे आमच्या गावची बांगडीवाली, खालच्या वेशीत राहते, दहावी झालेली. तिचा नवरा गेल्यापासनं टोपली डोक्यावर घेऊन आसपासची खेडी फिरते.

निला दोन दिवस विचार करत बसली. मग मला म्हणाली, "त्यांना कुनी बोलवत न्हाय, म्हनून येत न्हायत."

"परीक्षेला कुनी बोलवत असतं का?"

"लग्नाला बोलवत्यात, बारशाला बोलवत्यात, तेराव्याला बोलवत्यात. बाईमानूस बिनबोलावता कुठं गेलंय कधी?"

आणि तिनं तांदळाला हळदकुंकू लावलं. आमच्याकडं लग्न ठरलं की अक्षत फिरते. पहिली गावच्या देवाला, मग घरोघर. हातावर अक्षत पडली की जायलाच लागतं. भांडण असलं तरी जायचं, शेत सोडून जायचं, नुसतं तोंड दाखवायला का होईना. अक्षत घेऊन कुणी घरी बसलं, असं आमच्या गावात झालेलं मी तरी बघितलेलं नाही. परीक्षेच्या आधी निला ते तांदूळ घेऊन निघाली. मारुतीला ठेवले, मग एकेकीच्या दारात. मी ओट्यावर बसून ओरडलो, "काय गं, लगीन हाय का कुनाचं?"

"हाय की. माझं."

"आता ह्या वयात? आनि कुनासंगं?"

"बुकासंगं," ती म्हणाली आणि चालत सुटली.

सगळं गाव हसलं. शोभाचा नवरा तर दोन दिवस सांगत सुटला होता. पण शोभाच्या सासूनं ती अक्षत बघितली आणि म्हातारी घाबरली. सुनेला म्हणाली, "जाऊन ये बाई, अक्षत परत करता येत न्हाय." शोभा गेली. शमीमनं अक्षत ओढणीत बांधून घेतली आणि ती गेली. बाकीच्याही गेल्या. एसटी भरून गेल्या. कंडक्टर म्हणाला, कुठल्या वऱ्हाडाला निघालात, तर निला म्हणाली, इतिहासाच्या पेपराला.

त्यानंतर दर परीक्षेच्या आधी अक्षत निघायची. पुढं आजूबाजूच्या वाड्यांवरही जायला लागली. पायात माझी चप्पल, कारण तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला असायचा आणि तो शिवायला तिला वेळ नसायचा. मी ओट्यावर बसून बघायचा. सगळ्यांना द्यायची. जळकोटहून आलेल्या एका पाव्हणीलासुद्धा दिली. मला कधी दिली नाही. मी कशाला परीक्षेला जातोय, हे खरं. पण तरी.

तिच्या शेवटच्या दिवशी तिनं अक्षत दिली ती शोभाला. ते दृश्य डोळ्यांपुढनं जात नाही. मी सोऱ्या धरून हातभर अंतरावर होतो. तिनं त्या दिवशी शेवटचं कुणाला काही दिलं असेल तर ते शोभाला. मला नाही.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. तिला हिरवा चुडा भरला तो शमीमनं. टोपली घेऊन आली, कुणाला काही विचारलं नाही, हात हातात घेतला आणि एकेक बांगडी चढवली. जिवंतपणी भरताना निला नेहमी ओरडायची, "हळू गं, चेटकीन." त्या दिवशी शमीम आपली "हौ अक्का, हळू, हौ अक्का," म्हणत होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. शोभा रडत रडत गेली आणि पेपर देऊन आली. तिच्या हातावर अक्षत पडली होती. शमीम गेली नाही. बाकीच्याही गेल्या नाहीत. पुरचुंडी देवळीतच राहिली.

शोभा पास झाली. तिचा नवरा, तोच हसणारा, फेटा बांधून तिला पदवी घ्यायला घेऊन गेला. काळा झगा, डोक्यावर ती टोपी, हातात गुंडाळी. फोटो मोठा करून पुढच्या खोलीत लावलाय. दार उघडं असलं की माझ्या ओट्यावरनं बरोबर दिसतो. बहुतेक दार उघडंच असतं. पेढे घेऊन आली, पाया पडली, म्हणाली, "आप्पा, हे अक्काचंच हाय." मी आशीर्वाद दिला. तोंडानं दिला. मनात म्हणालो, अक्काचं आहे तर अक्काला का नाही? जी पहिल्या वर्षाला सोडून बसली होती, जिला ओढून आणावं लागलं, तिच्या डोक्यावर टोपी. आणि जिनं ओढून आणलं तिच्यावर माती. पेढा मी खाल्ला नाही. ताटलीत राहिला, मुंग्यांनी नेला. मुंग्यांचाही मला राग आला, हे सांगितलं तर हसाल.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्षत निघाली नाही. कोण काढणार? परीक्षा जवळ आली तशी मी ओट्यावर बसून बघत होतो, कोण पुस्तक उघडतंय. कुणी उघडलं नाही. शमीम टोपली घेऊन जायची, यायची. गल्लीतल्या एकीनं पुस्तकं रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवताना बघितली. मला काय वाटलं ते सांगतो. बरं वाटलं. तिला नाही मिळालं, मग कुणालाच नको. उन्हात बसून मला गार वाटलं.

अशात एका दुपारी ते सर आले. मोटारसायकलवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या एका दमात रिकामा केला आणि निलाच्या फोटोकडं बघत बसले.

"आप्पा, तुमच्याकडं एक काम होतं," ते म्हणाले. "या बाजूच्या बायका यंदा कुणीच येईनात. शमीमबाईंचं तर शेवटचं वर्ष आहे. नाव नोंदवलं की ठरावीक वर्षंच चालतं. यंदा बसल्या नाहीत तर मागचं सगळं वाया. पुन्हा पहिल्यापासून. मी दोनदा फोन केला. बघते म्हणतात. तुम्ही एक शब्द सांगितला तर..."

"म्या कशाला सांगू?"

"अक्का होत्या तेव्हा या गावातून कुणी गळत नव्हतं."

"आता अक्का न्हाय."

"म्हणूनच तुमच्याकडं आलो."

"सर," मी म्हणालो, "माझी बायको घरात गेली. परीक्षा तोंडावर असताना गेली. तिला तुमची टोपी घालायला मिळाली न्हाय. मग ती शमीमनं घातली काय आनि शोभानं घातली काय, मला काय त्याचं? उलट न्हाय घातली तर बरंच हाय. दारातनं दिसायचं तरी न्हाय."

असं बोलणारा माणूस सरांना कॉलेजात भेटत नसणार. ते उठले, चप्पल पायात घालता घालता म्हणाले, "तुमचं दुःख कळतं, आप्पा. पण एक गोष्ट मला फार लागलीय. विद्यापीठाला आकडे पाठवले, तेव्हा अक्कांना कुठं धरायचं हा प्रश्न आला. ज्यांनी पूर्ण केलं त्यांच्यात त्या नाहीत. मग सोडून गेलेल्यांत धरल्या."

"सोडून गेलेल्यांत?"

"नियमानं तसंच होतं. नाव घातलं आणि पदवी घेतली नाही, एवढंच वर दिसतं. का घेतली नाही, त्याला रकाना नाही."

"तिनं सोडलं न्हाय!" माझा आवाज एवढा चढला की शोभा दारात आली. "तिनं एक रविवार चुकवला न्हाय! तापात गेली, पोराच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी गेली! तिनं ज्यांना धरून आनलं त्या पास झालेल्यांत, आनि तुमी तिला सोडून गेलेल्यांत घालता?"

"मी नाही घातली, आप्पा," सर म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. "पण हो. घातली."

ते गेल्यावर मी तसाच बसलो. ऊन भिंतीवरनं उतरत गेलं. वर्षभर मी काय काय म्हणालो होतो. आम्हाला सोडून गेली. मला सोडून गेली. सगळेच म्हणतात. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, अक्का सोडून गेली, आप्पा. मी मान हलवायचा. पण त्या सरांनी म्हटलं आणि मला कळलं की ते खोटं आहे. तिला धरून नेलं. जाणारीचा पाय दाराकडं असतो, तिचा तर पुस्तकाकडं होता. संध्याकाळी पुढचा धडा घ्यायचा म्हणून खूण घालून ठेवली होती.

दिवे लागायच्या वेळी शमीम आली. टोपली ओट्यावर टेकवली आणि खाली बसली. शोभानं तिला सांगितलं असणार.

"सर आले थे ना, आप्पा?"

"आलते."

"मेरेवास्ते?"

"तुझ्यासाठीच. का जाईनास गं? मागल्या साली न्हाय गेलीस, समजलो. यंदा काय झालं?"

ती टोपलीतल्या बांगड्यांचा जोड उगाच सारखा करत राहिली. मग म्हणाली, "पुस्तक काढती आप्पा. रोज काढती. सगळं येतंय मला. पर बिनबोलावता कसं जायचं? दरवेळी अक्का यायची. बर्री, शमीम, बर्री. हातावर चावल पडले की पाय आपसूक निघायचे. आता वाटतंय, मी जाऊन बसले आणि तिथं कुणी म्हटलं, तुला किसने बुलाया, तो मैं क्या बोलूं?"

मला तिचाही हेवाच वाटला. हिला निदान बोलावणं होतं, कधीतरी होतं. हिच्या ओढणीच्या गाठीत निलाची अक्षत होती. माझ्या कशात काय होतं? पण हेवा वाटता वाटता मला हेही दिसलं की ही बाई माझ्यासारखीच दारात बसून आहे. निलानं बोलवावं म्हणून थांबलीय. मी वर्षभर तेच करतोय.

"जा आता," मी म्हणालो. "अंधार पडला."

ती टोपली उचलून गेली. मागनं बांगड्यांचा आवाज वेशीपर्यंत येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, भस्म लावलं, धुतलेलं धोतर नेसलो. देवळीतली पुरचुंडी काढली. वर्षभर तिला कुणाला हात लावू दिला नव्हता, मीही लावला नव्हता. मला वाटलं, तांदळाला कीड लागली असेल. लागली नव्हती. हळदीमुळं असेल. कुंकू थोडं फिकं पडलं होतं, एवढंच. तिच्या बोटांनी घोळलेले तांदूळ. मुठीत घेतले आणि वाटलं, हे द्यायचेच नाहीत, हे माझे आहेत, माझ्याकडं तिच्या बोटांचं दुसरं काही उरलेलं नाही. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग बाहेर पडलो.

पहिली अक्षत देवाला द्यायची असते. मारुतीपुढनं गेलो, थांबलो नाही. देवाला म्हणालो, तुला न्हाय. तू तिला नेलीस, तुझं भागलं.

शमीमचं दार उघडं होतं. ती अंगणात पाणी मारत होती. मला बघून तांब्या खाली ठेवला आणि ओले हात ओढणीला पुसले. मी पुरचुंडी सोडली. माझी बोटं जाड, चिमटीत दाणे नीट येईनात, काही खाली सांडले. जे आले ते तिच्या हातावर ठेवले. काय म्हणायचं ते मला येत होतं, इतक्या वेळा ओट्यावर बसून ऐकलं होतं.

"बर्री," मी म्हणालो. "निलानं बोलावलंय. परीक्षेला बर्री."

शमीमनं मूठ मिटली. कपाळाला लावली. मग रडायला लागली. मला रडणाऱ्या बायकांपुढं काय करायचं ते कधीच कळलेलं नाही, म्हणून मी जे मनात होतं ते बोलून टाकलं.

"आनि हे बघ. पास झालीस तर फोटो लाव. पर माझ्या ओट्याकडं तोंड करून लावू नको. मला सोसायचं न्हाय."

ती रडता रडता हसली. "हौ आप्पा," म्हणाली, "माझी भिंत तुमच्याकडं न्हायच की. मेरा घर तो नीचे है."

"मग ठीक हाय," मी म्हणालो आणि पुढच्या दाराकडं निघालो. पुरचुंडीत अजून बरेच तांदूळ होते.